सदानंदकडे राहिलेली वही

रवि., ६ ऑक्टो.

ह्यांची वही सदानंद परत देत नाही, म्हणून ही वही सुरू केली. दुसरं कारण नाही.

आज माजिवड्याला त्याच्या सोसायटीच्या हॉलमध्ये गळवाल्यांची, म्हणजे ह्यांच्या मासे धरणाऱ्या मित्रांची, बैठक होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. हे गेल्याला चौदा महिने झाले, मी तिथे पहिल्यांदाच गेले. वही मागायला. निळा पुठ्ठा, बारा वर्षांच्या नोंदी: कुठलं पाणी, कुठली तिथी, काय लागलं, काय सुटलं. हे इस्पितळात असताना सदानंद ‘चाळून देतो’ म्हणून घेऊन गेला. नंतर चार फोन केले. चारही वेळा ‘हो वहिनी’.

सगळ्यांसमोर मागितली. खुर्चीतून उठलासुद्धा नाही.
“वहिनी, अहो त्यात पाण्यातलं लिहिलंय. तुम्हाला काय कळणार? आणि अरुण बिचारा नोंदीच करायचा. मासे आम्ही धरायचो.”
हशा. त्याच्या डोक्यामागे भिंतीवर फोटो: सदानंद आणि अकरा किलोचा जिताडा. सहा वर्षांपूर्वीचा.
“असं करा, एक जिताडा धरून आणा. इथेच, सगळ्यांदेखत वही देतो. शब्द.”
“किती किलोचा?”
हशा जरा थांबला. “कितीचाही आणा हो.”

चौतीस वर्षं कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. कोणी शब्द दिला की मी तारीख घालून ठेवते. वर घातली आहे.

समोर त्याला भावोजी म्हणेन. इथे एकेरी.

मंगळ., ८ ऑक्टो.

बाजारात यमुनाबाईंना गाठलं. वीस वर्षं त्यांच्याकडून मासळी घेते, वीस वर्षं भांडून. त्या आणि त्यांचा नवरा मोठागावच्या बांधावर जिताडे धरायचे हे माहीत होतं. म्हटलं, मला शिकवा.
“कनाला? इकत घे ना. कापून देतंय.”
कारण सांगितलं. त्या खवलं काढत ऐकत होत्या.
“हसला?”
“हसला.”
“सगली हसली?”
“सगळे.”
सुरी धुतली. “घट उठलं का ये. नवरात्रान गरी हातान घेत नाय मी.”

चला. गळाला हात लावायला पाच दिवस थांबायचं.

रवि., १३ ऑक्टो.

पहिला धडा. ह्यांचा रॉड नेला होता. यमुनाबाईंनी तो बांधावर आडवा ठेवायला लावला आणि हातात नुसती तंगूस दिली, टोकाला गळ. “आदी बोटाला कलू दे.”

जागा: बांधाची उघाडी, जिथून खाडीचं पाणी खाजणात आत-बाहेर होतं. जिताडा त्या तोंडाशी दबा धरून असतो. आमिष जिवंत कोळंबी. ती पाठीतून ओवायची, पण काळ्या रेघेच्या वर, नाहीतर मरते. मी अकरा मारल्या.

“कोर्टान अशीच फायली मारायचीस काय गो?”

गुडघे दुखतात. सदानंद हसताना डावा दात दिसतो, तो आठवला की दुखणं कमी होतं.

शुक्र., १८ ऑक्टो.

आज वेळेचा हिशोब माझा मीच करून गेले. ह्यांनी शिकवलेलं: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, तितक्या वाजता भरती. आज प्रतिपदा, म्हणजे पाऊण वाजता पाणी फिरणार. जिताडा पाणी फिरतानाच घेतो. साडेअकराला बसले, सव्वाला गुंडाळलं. काही नाही.

यमुनाबाई शेजारीच होत्या. उठल्या नाहीत, बोलल्याही नाहीत. मिसरी लावत बसल्या.

गुरु., २४ ऑक्टो.

चार खेपा, शून्य. आज तर अष्टमी, भांगाचं मेलेलं पाणी, भरती-ओहोटी नावापुरती. नको जाऊ म्हणाल्या होत्या, तरी गेले. डासांची सोय झाली.

सदानंदने मला त्यांच्या मोबाइलच्या ग्रुपात घेतलं आहे. गंमत म्हणून. सकाळी त्याचा निरोप: ‘वहिनींचा जिताडा निघाला का घरून?’ खाली सोळा जणांची हसरी तोंडं. नावं उतरवून घेतली. वेळ येईल.

मंगळ., ५ नोव्हें.

दिवाळी उरकली. आज दोन गोष्टी कळल्या. एक हसण्याची, एक…

चतुर्थी. माझ्या हिशोबाने तीनला भरती. साडेतीनला मी गुंडाळू लागले. तेव्हा यमुनाबाईंना राहवेना.
“कुठं चाललीस? पानी तं अजून चरतंय.”
“तीनला भरती झाली. तिथी…”
“ती मुंबैची. क्यालेंडर मुंबैचा, पानी पन मुंबैचा. तिकरशी इकरं यायला यल नाय लागत? चालत येतंय तो. गारीनं नाय.”

तीन आठवडे मी पाणी पोचायच्या आधीच घरी जात होते. समुद्रावरून इथवर सव्वा तास. हे ह्यांना ठाऊक असणार, वहीत असणार. मला फक्त अर्धं सूत्र सांगितलं. सव्वा तास सदानंदकडे आहे.
“पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?”
“तुना इचारला नाय. चार येला बगलं, कोर्टबाय इचारतंय का.”

सव्वाचारला पाणी थबकलं. लगेच यमुनाबाईंच्या तंगूसला झटका. दोन किलोचा असेल. बांधावर आला तसा उडाला, परत पाण्याकडे. मी झडप घालून कल्ल्यात बोटं खुपसून धरला, रोहू धरतात तसा. कल्ल्याचं झाकण ब्लेडसारखं असतं. अंगठा आणि तर्जनीमधला भाग उघडा पडला. रक्त बरंच.
“कल्ल्यान हात नाय घालायचा! खालच्या व्होटाला धरायचा. ज्याना यक डाव धरला तो परत नाय इसरत.”

हळद भरली, फडकं बांधलं. घरी येऊन फडकं सोडलं आणि बसूनच राहिले. ही जखम मी आधी बांधलेली आहे. हीच जागा, हीच तिरपी चीर. ह्यांच्या उजव्या हाताला, सहा वर्षांपूर्वी, एका रविवारी संध्याकाळी. ‘डब्याचा पत्रा लागला’ म्हणाले होते.

बुध., ६ नोव्हें.

ग्रुपात तो फोटो आहे. मोठा करून पाहिला. सदानंदने जिताडा टॉवेलात घेतला आहे, दोन्ही हातांवर, बारशाच्या मुलासारखा. हात स्वच्छ. उजवीकडे फोटोच्या कडेला कोणाचं तरी कोपर आणि रुमाल गुंडाळलेला हात. रुमाल निळ्या चौकड्यांचा. मी सहाचा संच घेतला होता, त्यातले पाच अजून कपाटात आहेत.

तो मासा ह्यांनी धरला.

सहा वर्षं भिंतीवर सदानंद. आणि हे गप्प. माझ्याशीसुद्धा! का? भीड? मैत्री? त्या दिवशी काय ठरलं दोघांत? ह्यांच्यावरही राग आहे, पण त्यांना विचारता येत नाही. वहीत असणारच. बारा वर्षांत एका खेपेचीही नोंद चुकवली नाही. पानांवर आकडे मीच घातले होते, १ ते ९६. कोर्टाची सवय. हे हसले होते, ‘माशांवर दावा लावणार आहेस का?’

लावणार आहे.

गुरु., १४ नोव्हें.

पावणेबारा, पाणी थबकलं. लागला. पहिल्या स्पर्शाला ओढलं, सुटला. मोठा होता. पाठ पाहिली.

यमुनाबाई: “तोंडान घेतला का वडू नको. गिलू दे, वलू दे, मंग. राग हाय तुज्या हातान. रागानं येत नाय तो.”
म्हटलं, राग घरी ठेवून यायला माझ्या घरात जागा नाही.
“मंग हातान नको. पोटान ठेव.”

हे जमेल.

मंगळ., १९ नोव्हें.

आज काहीच लागलं नाही, गप्पा झाल्या. यमुनाबाईंचे वडील दरवर्षी पहिला मोठा जिताडा साहेबाला नेऊन द्यायचे. जमिनीचा कागद अडला की जिताडा. “आक्का द्यायचा, कापून नाय. दोनी हातांनी. साहेब खूश. बाबा घरी येऊन शिव्या द्यायचा त्याला, रातभर.”
“कागद मिळायचा?”
“मिलायचा.”

विचार करते आहे.

शनि., ३० नोव्हें.

मिळाला.

चतुर्दशी. पाणी पावणेबाराला फिरणार. दहापासून बसले होते. कोळंबी एकदाच ओवली, मेली नाही. पाणी थबकलं. बोटाला टकटक. ओढलं नाही. मनात ‘मासे आम्ही धरायचो’ हे वाक्य शांतपणे दोनदा म्हटलं. तंगूस बाजूला सरकू लागली, म्हणजे वळला. मग ओढलं.

दहा मिनिटं असतील, किंवा तीन. दोनदा हवेत उडाला, डोकं झटकलं. यमुनाबाई मागून “ढील दे! ढील दे गो बाय!” खालच्या ओठाला धरून वर घेतला, अंगठा तोंडात. दात नाहीत, खरखरीत आहे. कल्ल्याला हात लावला नाही.

यमुनाबाईंच्या काट्यावर सव्वातीन किलो. त्यांनी माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. आजपर्यंत मला असं कोणी मारलेलं नाही.
“खातंस का देतंस?”
“देते. साहेबाला. आख्खा.”
खूप हसल्या. मग स्वतः बर्फ आणून दिला.

ह्यांच्या फोटोसमोर काही बोलले नाही. अजून बोलणं बंद आहे.

रवि., १ डिसें.

झालं ते क्रमाने.

थर्मोकोलचा खोका घेऊन ठाणे स्टेशनवरून रिक्षाने माजिवडा. रिक्षावाला म्हणाला, “मावशी, केक आहे का?” हो म्हटलं.

अकराला हॉलमध्ये. वीसेक माणसं. सदानंद, “या या वहिनी, बाजारातून थेट?” हशा. खोका टेबलावर ठेवून उघडला. काल बांधावर घेतलेलं चित्रण मोबाइलवर लावलं. यमुनाबाईंच्या नातसुनेने घेतलं होतं. उडी, झटका, माझा अंगठा त्याच्या तोंडात. कोणी हसलं नाही. मागे बसलेले शिंदे म्हणून वयस्कर गृहस्थ उठून उभे राहिले.

म्हटलं, “भावोजी, तुमच्यासाठी आणलाय. ठेवून घ्या.” नाही म्हणता येईना. सगळे बघत होते. उठला, बाह्या सावरल्या आणि चार बोटं सरळ कल्ल्यात घातली. रोहू उचलतात तशी.

मी सांगू शकले असते. सांगितलं नाही.

“आई गं!” मासा टेबलावर आपटला. रक्त. फार नाही, पण सगळ्यांना दिसेल इतकं. मी पर्समधून रुमाल काढून दिला. निळ्या चौकड्यांचा.

शिंदे मागून अगदी साध्या आवाजात म्हणाले, “अहो सदाभाऊ, जिताड्याच्या कल्ल्यात कोण हात घालतं? मग तो अकरा किलोचा कसा धरला होतात?”

सदानंदने फोटोकडे पाहिलं, मग हातातल्या रुमालाकडे. बराच वेळ रुमालाकडे. मग म्हणाला, “वही आणतो.”

त्याचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट चालू. सव्वीस मिनिटं लागली.

वही आणली. मी लगेच पिशवीत टाकली नाही. टेबलावर बसून सगळ्यांसमोर पानं मोजली, आकडा वाचून. चाळीसनंतर त्रेचाळीस. कापलेली कड सरळ, ब्लेडची. बाकी कडा पिवळ्या पडल्या आहेत, ही पांढरी.
“भावोजी, ४१–४२ नाही.”
“आधीपासूनच नसेल.”
“आकडे मी घातलेत.”
“तर मग… शोधतो. वहिनी, तो अरुण… तुम्हाला सगळं माहीत नाही.”
“ते त्या पानावर असेल. शोधा.”

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं होतं. दया करावी असं काही. मी पाहिलं नाही. पावती पुढे केली. घरूनच दोन प्रतींत नेली होती, पानांच्या तपशिलाची जागा कोरी ठेवून. ती तिथे भरली. बोटं बांधलेली, तरी त्याने सही केली. वाकडी आहे, पण त्याचीच आहे. शिंद्यांनी साक्षीदार म्हणून स्वतःहून सही केली.

निघताना सदानंदने विचारलं, पुन्हा कधी येणार. म्हटलं, “पुढच्या रविवारी, पान न्यायला. सकाळी साडेसहाला पाणी फिरतं, त्यानंतर मोकळी आहे.”

वही समोर आहे. अजून वाचलेली नाही. पावतीची नक्कल:

दिला: जिताडा एक, आख्खा, वजन सव्वातीन किलो, बर्फासह. रुमाल एक, निळ्या चौकड्यांचा.
मिळाली: वही एक, निळा पुठ्ठा, कै. अरुण यांच्या हस्ताक्षरातली, पृष्ठे १ ते ९६. त्यांपैकी ४१–४२ हे पान नाही, ब्लेडने कापलेले.
देणार: सदानंद (सही). घेणार: मी (सही). साक्षीदार: शिंदे (सही).
सदर पान: शोधून देण्याचे कबूल.