उखाण्यातलं नाव

३ नोव्हेंबर १९७८, नाशिक रोड

आलो बुवा एकदाचे! मुलाची नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, म्हणून कॉलनीतली ही दोन खोल्यांची जागा. मागे पेरूचं झाड, समोर निशिगंधाचे वाफे. सकाळी धुक्यातून इंजिनाची शीळ आली आणि तिसरीचा वर्ग आठवला. बाहेर गारठा, आणि आत आम्ही सगळे एका सुरात कविता म्हणतोय. मुलाने दारावर माझ्या नावाची पाटी लावली: मोतीराम. विमलने पदराने पुसली, पण वाचून दाखव म्हटलं तर लाजली. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. एरवी मी आपला ‘अहो’.

६ नोव्हेंबर

स्टेशनबाहेर एक तरुण येणाऱ्याजाणाऱ्यांना अडवून पाहणीचे प्रश्न विचारतो. इस्त्रीचा सदरा, हातात ना कागद ना पेन. मला म्हणाला, आजोबा, शाळेतली सगळ्यांत लाडकी कविता कोणती? असं विचारणारा भेटला की माणूस विरघळतोच. तिसरीतली ती नदीची कविता तिथंच चालीवर म्हटली. त्याने डोळे मिटून ऐकली, आणि जेवण झाल्यासारखे ओठ पुसले.

संध्याकाळी विमलसाठी म्हणायला बसलो तर एकही ओळ आठवेना. तिनेच सुरुवात करून दिली. चाल, शब्द, सगळं परकं. जन्मात कधी ऐकलं नसावं तसं.

९ नोव्हेंबर

शेजारचे कोंडाजी स्टेशनवर फुलं विकतात. आज त्यांच्या अंगणात गलका. त्यांची बायको सखुबाई ओट्यावर रडत होती, आणि कोंडाजी मलाच विचारत होते, “बाबा, ही बाई कोण वो? सकाळधरनं घरातून निघंना.”

काल स्टेशनवरच्या त्या पोराने त्यांना विचारलं होतं, घरी कोण असतं? यांनी हौसेनं सखुबाईचं नाव सांगितलं.

जे सांगावं ते जातं. सांगणाऱ्याच्या मनातून जातं.

१२ नोव्हेंबर

रुळांमागून बाजारात गेलो, तरी तो समोर. बहिरा असल्यासारखा हात हलवत सुटलो. मागून म्हणाला, बरं, घरीच येतो.

मुलगा हसतो. पाहणीवाल्याला कोण घाबरतं, म्हणतो. कविता गेली, सोसलं. पण विमलने मला ‘हा कोण’ म्हणून पाहिलं तर? तिला बजावलं, माझं नाव त्याला सांगू नको. ती म्हणाली, “मी कधी घेते का तुमचं नाव?”

तेवढाच आधार.

१४ नोव्हेंबर, दुपार

आला. मी आतल्या खोलीत. विमलला बाहेरून कडी लावायला सांगितलीय. घरी नाहीत म्हण, म्हटलं.

पाणी दिलं तिने. तो विचारतोय, आजी, यजमानांचं नाव? — ती गप्प. शाबास —

पुन्हा विचारलं. “इश्श, आम्ही नाही घेत नाव.” —

मग उखाण्यात घ्या ना, आजी —

नको — मी आतून दार बडवतोय — विमल, नको! — ती हसतेय. “घरातच आहेत बघ, ऐकायला बसलेत!” —

कडी निघत नाही —

घसा साफ केला तिने. लग्नातलाच उखाणा — तीच चाल —

गोदेच्या पाण्यात दिवा सोडते वाकून —

मोती