जुन्या सात नंबरची जागा

कोर्पिवारा
मंगळवार, १५ ऑक्टोबर

प्रिय वेसा,

टायरवाल्यांच्या पोरांनो! म्हणजे तू आणि मी, कारण या भागात आपल्याशिवाय तसं कुणी उरलेलं नाही. आपल्यावर आभाळाने पिढ्यानपिढ्या एक अन्याय चालवला आहे आणि त्याविरुद्ध आजवर कुणी चकार शब्द काढलेला नाही. रस्त्यावर पहिलं बर्फ धरतं तो आठवडा आणि मूसच्या शिकारीचा मोसम उघडतो तो आठवडा, दरवर्षी एकच! ज्या सकाळी माणसाने जंगलात असायला हवं, नेमक्या त्याच सकाळी अख्खं गाव हिवाळी टायर डिकीत टाकून आपल्या दारात उभं. बाकी वर्षभर मी पाने पुसत बसते, तेव्हा कुणाला टायर आठवत नाहीत.

हे मी फोनवर बोलायला लागले की तू म्हणतोस, "सभा संपली की कळव," आणि ठेवून देतोस. म्हणून पत्र लिहितेय. तेही ठेवून देता येतं, पण ते टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहील.

मी बरी आहे. बाबा बरे आहेत, व्यवस्थित जेवतात. तुइस्कू कुत्री म्हातारी व्हायला लागली, नाकावर पांढरं आलंय, पण मूसचा वास लागला की अजून पिल्लासारखी सुटते. तुझ्या शाळेला या आठवड्यात शरदाची सुट्टी आहे, हे मला माहीत आहे. नाही म्हणू नकोस, मी बघितलंय.

गोष्ट अशी आहे की येत्या शनिवारी मी जंगलात असायलाच हवी, आणि रेडिओ सांगतोय की शनिवारीच पारा खाली उतरणार.

आज सकाळी यालमारी आला, तो ट्रॅक्टरवाला. म्हणाला, "राइली, शनिवारी आठला येतो गाडी घेऊन."

"शनिवारी आठला तू जंगलात तीन नंबरच्या जागेवर बसलेला असशील, यालमारी."

"अरे हो की. मग बायकोला पाठवतो."

"आणि मी कुठे बसलेली असेन?"

त्याने खरंच विचार केला. टोपी काढून केला. "का गं, तू दुकानात नसतेस?"

काय बोलायचं याच्यापुढे? शिकारीच्या त्याच गटात मी त्याच्या शेजारच्या रांगेत बसते, गेल्या वर्षी त्याने जखमी केलेला मूस मी पाडला, आणि तरी याच्या डोक्यात मी कायम जॅकपाशी उभी.

गावात सगळे सांगतात, कालेर्वोने दुकान आणि जंगल दोन्ही सांभाळलं, काय माणूस! साफ खोटं. बाबांनी जंगल सांभाळलं. दुकान आईने सांभाळलं. मोसमात दारावर "मूसकडे गेलोय" असा पुठ्ठा लटकत असायचा आणि मागच्या दाराने आई लोकांचे टायर बदलत असायची, ओव्हरकोटावर एप्रन बांधून, हाताला भेगा पडेपर्यंत. तिला एकदाही कुणी विचारलं नाही की तुला त्या पाणथळीवरची सकाळ बघायची आहे का. ज्याला लोक एका माणसाचं कर्तृत्व म्हणतात, तिथे बहुतेक वेळा दुसरं माणूस उभं असतं, हे मी सॉ मिलच्या युनियनमध्ये घसा फोडून सांगितलं आणि आजही सांगते. फरक एवढाच की माझ्या मागच्या दाराशी कुणी नाही.

हमरस्त्यावरच्या नव्या टायर केंद्राची तर बातच नको. रविवारीही उघडं. परवा एक बाई मला सुनावून गेल्या, तिकडे थांबावं लागलं तर कॉफी फुकट मिळते. मी म्हटलं, इथेही फुकटच आहे, फक्त पिववत नाही.

थांब, कुणीतरी आलं.

गेला. चारही टायर बदलून गेला. तर मी कुठे होते? शनिवार. तू म्हणशील, एक शनिवार नाही गेलीस तर काय आकाश कोसळेल? नेहमीची गोष्ट असती तर मीही तेच म्हटलं असतं. पण मला बाबांच्या जवळ बसायचंय. ते म्हातारे झालेत, एवढंच.

एवढंच नाही. गेल्या शुक्रवारी गर्दी होती, म्हणून बाबा मदतीला आले. एका गाडीची चाकं त्यांनी चढवली, नट बोटांनी फिरवले आणि पाना न लावता गाडी सोडून दिली. मी हातवारे करत पेट्रोल पंपापर्यंत धावले तेव्हा ती थांबली. परत येऊन म्हटलं, "बाबा, नट आवळले नाहीत." ते शांतपणे म्हणाले, "वेसा आवळेल ना."

मी त्यांना म्हटलं नाही की वेसा तांपेरेला असतो, तिथे पोरांना गणित शिकवतो आणि त्याने बंदूक विकून टाकली त्याला एक जमाना झाला. मी पाना घेतला आणि पुढच्या गाडीकडे वळले. लोक खोळंबले होते.

बुधवार

काल पत्र तिथेच सोडलं. पुन्हा वाचलं. वाचून लाज वाटली. चार पानं आभाळाला शिव्या देण्यात घालवली. भाषण करणाऱ्याची ही खोड आहे, वेसा: जे सांगायचं असतं त्याच्याभोवती तो हजार माणसं गोळा करतो आणि मग त्या गर्दीत ते लपवतो.

रविवारचं सांगते.

गेल्या हिवाळ्यात पाणथळीपलीकडचं रान तोडलं गेलं, तेव्हा गटाच्या बसायच्या जागा बदलाव्या लागल्या. ओस्मोने, म्हणजे बाबांच्या नंतर जो गटाचा म्होरक्या झाला त्याने, नंबर नव्याने लावले. बाबांना समोर बसवून, त्यांना विचारून लावले. बाबांचं जुनं सात नंबर उंचवट्यावरच्या स्प्रूसच्या झाडाखाली होतं, तुला आठवत असेल. नवं सात नंबर रस्त्याच्या कडेला आहे, म्हाताऱ्या माणसाला चालत जायला सोपं म्हणून. जुन्या जागी आता कुणी बसायचं नाही, कारण ती नव्या सहाच्या अगदी समोर येते, गोळीच्या वाटेत. रविवारी सहावर मी होते.

सकाळी शेकोटीपाशी ओस्मो म्हणाला, "राइली सहा, कालेर्वो सात." बाबांनी मान हलवली. थर्मास उचलला आणि निघाले.

तुइस्कू लांबवर भुंकायला लागली. मग भुंकणं जवळ आलं आणि झुडपांतून मूस बाहेर पडला, मोठा नर, घोड्याहून उंच. पाणथळीत आडवा चालत निघाला, जसा काही त्याला वेळच वेळ आहे. मी बंदूक खांद्याला लावली. दुर्बिणीत त्याचा खांदा धरला आणि त्याच्याबरोबर नळी फिरवत गेले. सेफ्टी काढली होती. मग त्याच्या खांद्यामागे नारिंगी काहीतरी दिसलं.

टोपी होती. खाली बाबांचा चेहरा होता. त्या चेहऱ्याला बंदूक लावलेली होती. तेही त्याच मूसवर नेम धरून होते, आणि त्या मूसमागे मी होते. दुर्बिणीतून मला त्यांच्या नळीचं तोंड दिसत होतं, वेसा. ते गोल दिसत होतं. कडा नाही, पुरतं गोल, म्हणजे नेमकं माझ्यावर.

ओरडायला हवं होतं. नाही ओरडले. बाबा दचकले आणि त्यांचं बोट आवळलं गेलं तर? मी माझी बंदूक खाली घेतली आणि झाडाच्या बुंध्याआड झाले. मूस आमच्या दोघांच्या मधून निघून गेला. बाबांनीही बंदूक उतरवली, मला पाहिलं आणि हात हलवला. छान हसून हलवला.

खिशातल्या रेडिओवर ओस्मो विचारत होता, "सहा, तुझ्यासमोरून गेला का गं?" मी म्हटलं, "नाही दिसला."

परतताना मी विचारलं, "बाबा, सातवर होतात ना?"

"मग कुठे? जन्मभर तिथेच बसतोय."

त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि मला भीती वाटली ती त्याचीच.

दुपारी यालमारीने दुसरा मूस पाडला होता. शेडमध्ये मांसाचे ढीग लावले. ओस्मोने एकेका ढिगाला काठी लावत विचारलं, "हा कुणाचा?" आणि बाबांनी नेहमीसारखं भिंतीकडे तोंड करून, कुठला ढीग ते न बघता, एकेक नाव घेतलं. ओस्मोचं. यालमारीचं. स्वतःचं. सगळं ठीक चाललं होतं. मग एका ढिगाला ते म्हणाले, "वेसाचा."

ओस्मोने माझ्याकडे बघितलं. मग तो मोठ्याने म्हणाला, "म्हणजे पोरगं येतंय म्हणायचं! ठेवा बाजूला." सगळे हसले. बाबाही हसले. माझं नाव त्यांनी घेतलंच नाही, आणि त्या हसण्यात ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. ते मांस मी घरी आणलंय.

सोमवारी मी त्यांच्याकडे बंदूक मागितली. स्वयंपाकघरात, सरळ. म्हटलं, "बाबा, या मोसमात बंदूक माझ्याकडे राहू द्या."

"दुकानात माणूस कमी पडतंय, म्हणून मला घरी बसवतेस. स्पष्ट बोल."

"दुकानाचा काही संबंध नाही."

"तुझ्या आईने असलं कधी केलं नाही. मला कधी अडवलं नाही तिने."

या एका वाक्यावर मी एक अख्खी संध्याकाळ बोलू शकले असते. बोलले नाही. म्हटलं, "तुम्ही काल जुन्या जागेवर होतात." त्यांनी उठून खिडकी लावून घेतली. मग हळूच म्हणाले, "ओस्मोला सांगितलंस?" म्हणजे त्यांना कळतं, वेसा. रोज कळत नाही, पण कळतं. आणि ज्या दिवशी कळतं त्या दिवशी ते लपवतात. मीही लपवते. रेडिओवर मी तेच केलं.

आता हे चालणार नाही. शनिवारी शेकोटीपाशी मी ओस्मोला सगळं सांगणार आहे, सगळ्या गटासमोर. त्या रानात लोकांचे नवरे आणि बायका बसलेल्या असतात, माझ्या संकोचापायी त्यांच्यातलं कुणी मरणार नाही. हे ठरलेलं आहे, तू आलास तरी आणि नाही आलास तरी.

पण तू नाही आलास तर काय होईल ते बघ. ज्यांना बाबांनी बंदूक धरायला शिकवलं तीच माणसं बाबांच्या हातातून बंदूक काढून घेतील. ओस्मो आधी घसा खाकरेल. यालमारी जमिनीकडे बघेल. आणि बाबा तिथे उभे राहतील.

आजोबांचं कसं झालं ते तुला माहीत आहे. आपल्या गटात म्हातारा कधी बंदूक सोडत नाही, मुलगा ती धरतो. बाबा एका सकाळी अंगणात म्हणाले होते, "द्या, मी धरतो," आणि आजोबांनी दिली, जशी कुणी घास खाताना हातातली काठी देतो तशी. त्यानंतर आजोबा कितीतरी मोसम त्यांच्या शेजारी नुसते बसले, कान देऊन. शेवटपर्यंत ते शिकारीच होते. मुलीला ती बंदूक का धरता येऊ नये, यावर मी भर बाजारात वाद घालायला तयार आहे आणि जिंकेनही. पण तो वाद शनिवारच्या आत संपणार नाही, आणि बाबांच्या डोक्यात नाव तुझं आहे.

तुझं त्यांच्याशी काय भांडण होतं ते मला माहीत आहे. कुणाला खूश करायला खोडावर बसून राहणार नाही, असं तू म्हणाला होतास. मला ते तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. तुला शिकार करायची नाही. नेमबाजीची चाचणी नको, परवाना नको. काडतुसं माझ्या खिशात असतील आणि मी तुम्हा दोघांच्या शेजारी असेन. दुकान शनिवारी बंद. सगळ्यांना सांगून टाकलंय, अगदी यालमारीच्या बायकोलाही. ती म्हणाली, "मग गाडी घसरली तर?" मी म्हटलं, "मग घरीच बस." गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, दुपारच्या बसने पाठवतेय. उद्या तुला बसस्टँडवरून फोन येईल, जाऊन घे.

मग शुक्रवारच्या संध्याकाळच्या गाडीत बस. शनिवारी उजाडताना बाबा अंगणात येतील, खांद्यावर बंदूक असेल. तुला बघून ते काय म्हणतील, कुणास ठाऊक. कदाचित नट आवळलेस का, असं विचारतील. तू "हो" म्हण, हात पुढे कर आणि सांग, "द्या बाबा, मी धरतो."

रविवारी जिने गोळी झाडली नाही, ती तुझी बहीण,
राइली