रविवारी जेवायचं कुठं

ब्रॉन्क्स,
मंगळवार, १५ ऑक्टोबर १९९१

प्रिय फिशेल,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. गुडघे सोडले तर इकडे सगळं ठीक. बागेतली झाडं तांबूस झाली आहेत. शाळेत बाईंनी पाठ करून घेतलेल्या शरदाच्या कविता मी बाकावर बसून कबुतरांना ऐकवतो. दाणे संपेपर्यंत ती ऐकतातही.

तुझं पत्र दहादा वाचलं. "अकरा वर्षं झाली, दादा. तुझी तरी काय चूक? दुकानदारानं तुला फसवलं. रविवारी येतो, एकत्र जेवू. कुठल्या डेलीत बसायचं ते तू ठरव."

एवढंच काम, पण आठवडाभर मी तेच करतोय.

आधी आपल्या जुन्या पेल्ट्झच्या डेलीत गेलो. काचेमागे सॉसेजच्या माळा तशाच. बाबांचा हात धरून आपण तिथं शिरायचो, ते तुझ्या डोक्यावर टोपी आणि मनात धर्माचे नियम यायच्या आधीचे दिवस! मांस कापणाऱ्या सोलीनं सुरीच्या टोकावर पास्त्रामीचा गरम काप पुढे केला.

"घ्या, काका. अहो, रडताय काय? अजून झणझणीत मोहरी कुठं लावलीय!"

पण शेजारच्या टेबलावर एकानं त्याच पास्त्रामीवर चीज घालून घेतलं होतं. मांसासोबत दूधदुभतं चालतं अशा ठिकाणचं तू पाणीही पिणार नाहीस.

मग क्वीन्समध्ये श्रायबरकडे गेलो. पांढरे दिवे, पास्त्रामी जरा कोरडी, काकडी मात्र झकास. जेवण झाल्यावर सवयीनं कॉफीत दूध मागितलं. वेटर माझ्याच वयाचा. कपाळाला हात लावून म्हणाला, "मांसावर दूध? म्हातारबा, सहा तास थांबा, आणि मग दुसऱ्या दुकानात मागा!"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते हसू टिकलं नाही.

फिशेल, आईच्या सुतकाच्या दुसऱ्या दिवशी पास्त्रामीची ताटं मी मागवली होती. तू दारातच विचारलंस, "दादा, कोशर आहे ना, धर्माच्या नियमाप्रमाणं?" मी म्हणालो, "हो, मी खात्री करून घेतलीय." माझ्या शब्दावर तू जेवलास. चौथ्या दिवशी खरं कळलं, तेव्हा मी दुकानदाराकडे बोट दाखवलं.

तो बिचारा फोनवर स्पष्ट म्हणाला होता, "आमचं कोशर नाही हं, पेल्ट्झच्या पद्धतीचं आहे." आपल्या लहानपणीची ती चव, म्हणून तर मी तिथूनच मागवलं. तू कितीतरी वर्षांत माझ्या घरचा घासही घेतला नव्हतास. आई गेली, बाबा आधीच गेलेले. वाटलं, एकदा, एकदाच तू पूर्वीसारखा माझ्याशेजारी बसून जेवावंस. तू जेवत होतास आणि मी सुखात होतो. सुतकात, फिशेल!

गप्प राहिलो असतो तर रविवारी तू नक्की आला असतास. आता ते तुझ्यावर आहे.

मी एक वाजता श्रायबरकडे खिडकीजवळ बसेन. कोशर असल्याचं, धर्मगुरू रब्बींच्या सहीचं प्रमाणपत्र दाराच्या काचेलाच लावलंय. आत येण्याआधी ते तू स्वतः वाच. माझ्या शब्दावर येऊ नकोस.

वाट पाहणारा,
मेन्डल