कार्डावर एकच नाव

मिलब्रुक, कॅन्सस
दि. १७ ऑगस्ट १९६४

चि. कोरीन हिस विनिफ्रेड मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझी ट्रंक भरून झाली म्हणे. तुझ्या आईने त्यात लोकरीचे पाच स्वेटर कोंबलेत, हेही कळलं. दोन काढून ठेव आणि तिला सांगू नकोस.

आता कामाचं. सोरोरिटी, म्हणजे कॉलेजातलं मुलींचं भगिनीमंडळ, हे नुसतं चहा नि नाचाचं थेर आहे, असं तुझ्या आईचं मत. ती कॉलेजात गेलीच नाही, तिला काय माहीत! एल्म स्ट्रीटवरच्या आमच्या मंडळाच्या घरात मला चौतीस बहिणी मिळाल्या. कपडे एकमेकींचे, वह्या एकमेकींच्या, ताप आला की उशाशी कोणीतरी असायचंच. पुढे नोकरी लागली ती एकीच्या वडिलांच्या ओळखीने, आणि तुझा एव्हरेट काका भेटला तो दुसरीच्या भावाच्या लग्नात. रविवारी संध्याकाळी वसतिगृहाची खानावळ बंद असते. तेव्हा काही मुली आपल्या घराच्या लांब टेबलावर जेवतात आणि बाकीच्या खोलीत बिस्किटं खातात. तू टेबलावर असावंस असं मला फार वाटतं.

अशी मंडळं बरीच आहेत, प्रत्येकाचं आपलं घर. आठवडाभर घरोघरी चहाला बोलावतील. शेवटच्या दिवशी कार्डावर पसंतीची तीन घरं लिहायची असतात. तू एकच लिही, आमचं. त्यातून निष्ठा दिसते. शिफारसपत्र मी कालच टाकलंय. माझ्या भाचीला त्या नाही म्हणायच्या नाहीत.

इकडे मी आणि रेडिओ, दोघं मजेत. माया पत्रांतून दिसू दे.

तुझी,
विनिफ्रेड मावशी


वसतिगृह, खोली २१२
दि. २१ सप्टेंबर १९६४

ती. मावशीस कोरीनचा सा. न. वि. वि.

उशीर झाला. कुठून सुरुवात करावी तेच कळत नव्हतं.

आठवडा छान गेला. एल्म स्ट्रीटच्या घरात जिन्याखाली लावलेला तुमच्या वर्षाचा फोटो त्यांनी दाखवला. दुसऱ्या रांगेत तू. मावशी, केस काय ते! मी हसले, त्याही हसल्या. वाटलं, झालं आपलं काम. कार्डावर एकच नाव लिहिलं. कार्ड घेणाऱ्या बाईंनी दोनदा विचारलं, नक्की ना? मी ऐटीत म्हटलं, मावशीचं घर आहे.

शनिवारी निवड झालेल्या मुलींना आमंत्रणाची पाकिटं वाटली. माझ्या नावाचं नव्हतं. मुली किंचाळत हिरवळीवरून आपापल्या घराकडे पळत होत्या, ते मी खिडकीतून पाहिलं. माझ्या खोलीतली ज्युडिथही पळत होती. तिला दुसऱ्या पसंतीचं घर मिळालं. आता ती फक्त झोपायला येते आणि आजारी माणसाशी बोलावं तशी माझ्याशी हळू बोलते. काल रविवार होता. मी बिस्किटं खाल्ली.

आईला सगळं ठीक असल्याचं कळवलंय. तू काही बोलू नकोस. तुझं शिफारसपत्र तिथे पोचलं होतं ना? माझं काय चुकलं एवढं कळलं तरी बरं वाटेल.

लोभ आहे तसाच ठेव, सध्या तेवढाच आहे.

तुझी,
कोरीन


मिलब्रुक
दि. १४ ऑक्टोबर १९६४

चि. कोरीन हिस अ. उ. आ.

तुझं पत्र तीन आठवडे टेबलावर आहे. रोज उत्तर लिहायला बसते आणि भांडी घासायला उठते.

तुझं काहीच चुकलेलं नाही. मी त्या घरी फोन केला. माझं पत्र पोचलं होतं. यंदा जुन्या सदस्यांच्या नात्यातल्या मुलीच फार होत्या, असं तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली. माझं नाव तिने दोनदा विचारून घेतलं.

चुकलं ते माझं. १९३८ साली मीही त्या दिवाणखान्यात बसून मतं देत होते. हेझल ब्रँट नावाची मुलगी वर्गात माझ्या शेजारी बसायची. कार्डावर आमचं एकच नाव लिही, मी आहे ना, असं मीच तिला सांगितलं होतं. तिचं नाव निघालं तेव्हा कोणीतरी म्हणालं, तिच्या जुन्याच बुटांना नवे तळवे ठोकलेत, पाहिलंत का? सगळ्या हसल्या. एकीचाही हात वर गेला नाही. माझाही नाही. हेझल नाताळला घरी गेली ती परत आली नाही. हे ठाऊक असूनही मी तुला तेच सांगितलं. तू त्या घरात असतीस तर मला तिथे यायला निमित्त मिळालं असतं, म्हणून.

लाभ सांगितले ते खोटे नव्हेत, मला ते मिळाले. पण एव्हरेट गेला तेव्हा एकतीस बहिणींची पत्रं आली, आणि गेल्या नाताळात चौघींची. बोलायला रेडिओच आहे, पोरी. मला फार एकटं वाटतं, आणि त्या भरात मी तुला एकटं पाडलं.

जमलं तर क्षमा कर. नाही जमलं तरी पत्र टाक.

तुझी,
मावशी


खोली २१२
दि. २ नोव्हेंबर १९६४

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझा राग आला. दोन दिवस चांगला टिकला. मग तू आणि रेडिओ डोळ्यांसमोरून हलेनात.

एल्म स्ट्रीटच्या घरातली एक मुलगी कॉलेज सोडून गेली, म्हणून तिची जागा त्यांनी मला देऊ केली. चिठ्ठी खिशात घालून मी त्या रस्त्याने पाच फेऱ्या मारल्या. लांब टेबल खिडकीतून दिसतं गं. शेवटी नको म्हणून कळवलं आणि खोलीत येऊन भरपूर रडले. आमच्या मजल्यावर नॉर्मा आहे. तिलाही पाकीट मिळालं नव्हतं. रविवारी तिच्या विजेच्या किटलीत आम्ही दोघी सूप तापवतो. मैत्री म्हणावी असं अजून काही नाही, ती बोलतच नाही. पण मी गेले असते तर ती एकटीच किटली लावून बसली असती. माझं एकटेपण म्हणशील तर ते काही गेलेलं नाही. रविवारची दुपार अजून संपता संपत नाही.

तू ये. निमित्त कशाला हवं? रविवारी दहाची बस आहे. येताना चमचा आण, आमच्याकडे दोनच आहेत.

आणि एक. कॉलेजच्या कचेरीत जुन्या विद्यार्थ्यांचे पत्ते असतात, एकच सत्र शिकलेल्यांचेसुद्धा. मी जाऊन पाहिले. सोबत एक कार्ड ठेवलंय. त्यावर एकच नाव आहे: हेझल लिंडग्रेन, माहेरची ब्रँट. खाली नेब्रास्कातला पत्ता.

तिला लिहिलेलं पत्र पेटीत टाक आणि मगच बसमध्ये चढ. मी थांब्यावर उभी असेन.

तुझी,
कोरीन