वोल्फ्सबुर्गचा बेसबॉल संघ आणि तुमच्या पुरणपोळ्या

ती. सौ. सुलेखाआईंना जावई गुरुदत्तचा साष्टांग नमस्कार. (जावई आडवा झाला म्हणजे काहीतरी मागणार, असं तुम्हाला वाटेल. तसं मुळीच नाही.) तुमचे गुडघे कसे आहेत? बाबांचा खोकला? इकडे विभावरी मजेत. रुद्र रोज जर्मनमध्ये विचारतो, ओमा (आजीला इथे तेच म्हणतात) कधी येणार म्हणून.

आमच्या बेसबॉल संघाचं मात्र काही खरं नाही. तुम्ही आलात तेव्हा आम्ही सगळ्यांत खालच्या लीगमध्येही तळाला होतो. नऊ सॉफ्टवेअरवाले (क्रिकेटला मैदान मिळेना म्हणून बेसबॉल), चेंडू वर गेला की एकमेकांना "तू घे, तू घे" म्हणणारे. मग त्या रविवारी हॅनोव्हरचा संघ आला आणि तुम्ही म्हणालात, "पाहुणे उपाशीपोटी खेळणार? लोक काय म्हणतील?" मी नको म्हणत होतो (तुम्ही ऐकलं नाहीत, बरंच केलंत). पुरणपोळ्या, वर तुपाची धार. इथे एकदा नको म्हटलं की कोणी पुन्हा विचारत नाही, त्यामुळे आग्रहापुढे काय करायचं हे त्या बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं. त्यात पानात टाकायचं नाही ही त्यांची शिस्त. मॅच सुरू झाली तेव्हा त्यांचा पिचर बसून चेंडू टाकत होता आणि लांबचे तिघे गवतात घोरत होते. आम्ही चालत चालत जिंकलो. पुढे घरच्या मैदानावर जो आला तो जेवला आणि हरला, आणि मी स्वतःला मोठा कप्तान समजू लागलो.

मग तुमचा व्हिसा संपला. पुढच्या मॅचला पुन्हा हॅनोव्हरवालेच आले आणि पोळ्या मी केल्या. पुरण पळीवाढं झालं, पोळ्या फाटल्या, शेवटी ते वाटीतच वाढलं. त्यांनी एकेक चमचा घेतला, शहाण्यासारख्या वाट्या खाली ठेवल्या आणि जे धावत सुटले ते आम्हाला धुऊनच थांबले. जाताना त्यांचा कप्तान माझ्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाला, "ओमा कुठे आहे?"

आता एकच मॅच उरलीय. ती हरलो की संघ बंद. जीव तुटतो हो. पण तुम्ही काळजी करू नका, तब्येत सांभाळा.

तुमचा,
गुरुदत्त

ता.क. या ना हो आई. व्हिसाच्या हमीपत्रावर हॅनोव्हरच्या कप्तानाने स्वतः सही केलीय.

ता.क. २. त्याचंही तुम्हाला पत्र येईल. स्वतंत्र खोली, बाल्कनी, गुडघ्यांना मालीश, सगळं देऊ म्हणेल. भुलू नका. आधी जावई.

ता.क. ३. हे पत्र पेटीत टाकायचं राहिलं, तेवढ्यात आमचा नववा गडी नोकरीसाठी म्युनिकला गेला आणि लीगने संघच बंद केला. तरी या. रविवारी दोन्ही संघ अजून मैदानावर येऊन बसतात. काल सगळ्यांच्या आधी ताट घेऊन मीच बसलो होतो.