फिलोमेनाचा चेहरा आणि पाठ

प्रिय गुमेरसिंदो दादास,

तुझा आशीर्वाद आधीच मागून ठेवते, कारण पत्र वाचून होईपर्यंत तो देण्याचं तुझ्या मनात राहील की नाही, हे मला सांगता येत नाही. तुझी कंबर कशी आहे? इवोनी वहिनींना रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यायला सांग आणि भातात मीठ कमी घाला म्हणावं (त्या रागावतील, पण मी गोइयानियापासून चांगली लांब आहे). इकडे सगळे खुशाल, माझा गुडघा सोडून. गुडघ्याची हकीकत पुढे येईलच. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू "बरं, बरं" म्हणत दोन मिनिटांत मोकळा होतोस, आणि ही बातमी दोन मिनिटांत उरकण्यासारखी नाही. तुमच्याकडे येणाऱ्या बसचा ड्रायव्हर दिर्सेऊ हे पत्र तुझ्या हातात देईल. सोबत पेरूच्या वड्यांचा डबा आहे. मी तो गच्च भरून दिला होता. कमी भरला तर मला नको, दिर्सेऊला विचार.

तर बातमी अशी की आपल्या फिलोमेनाला बंपर मिळाले. पुढचाही आणि मागचाही, जसे हवे होते तसे, आणि बाबांनी हात फिरवून पास केलेले. दादा, मी आज सकाळपासून घरभर नुसती नाचतेय. दोनदा कॉफीत साखरेऐवजी मीठ पडलं आणि निवाल्दो ती कॉफी एक शब्द न बोलता प्यायला. बायको आनंदात असली की गप्प बसावं, एवढं त्याला इतक्या वर्षांत कळलंय.

तू म्हणशील, एका जुन्या कोम्बी व्हॅनच्या बंपरचं एवढं काय. तुला इथली परिस्थिती माहीत नाही. आईला कबरीपर्यंत पोहोचवून आल्यापासून बाबांनी व्हरांड्याची पायरी उतरलेली नव्हती. (त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तुझं आणि त्यांचं फिलोमेनावरून जे काही झालं, ते मी उगाळत नाही.) सकाळी खुर्ची, दुपारी खुर्ची, संध्याकाळी खुर्ची. समोर शेडमध्ये फिलोमेना, आतमध्ये आईनं शिवलेले पिवळे पडदे, घडीचा पलंग, गॅसची शेगडी, सगळं जसंच्या तसं. मागच्या महिन्यात चर्चमध्ये सांत क्रिस्तोवांवच्या मिरवणुकीची सूचना लागली. ड्रायव्हर लोकांचा संत, त्याच्या दिवशी गावातली झाडून सगळी वाहनं फादरांकडून पाणी शिंपडून घेतात, आणि सगळ्यांत पुढे कायम आपली फिलोमेना असायची, हे तुला मी काय सांगू. मी भीतभीतच विचारलं, बाबा, यंदा जायचं का? ते शेडकडे बघत म्हणाले, बंपर नसलेल्या गाडीतून मी फादरांसमोर जाणार नाही, बोळकं घेऊन कोणी फोटोला उभं राहतं का. (त्यांची स्वतःची कवळी त्या वेळी पेल्यात होती.) पण दादा, ते "जाणार नाही" असं नुसतं म्हणाले नाहीत, त्यांनी अट घातली. ज्याला जायचंच नसतं तो अट घालत नाही. मी तिथेच ठरवलं की आकाशपाताळ एक करीन, पण बंपर आणीन.

बंपर गेले कसे, हे विचारू नकोस. विचारतोच आहेस तर सांगते. पुढच्याला निवाल्दोनं झोपाळ्याची दोरी बांधली आणि स्वतः झोपाळ्यात झोपला. बंपर आधीच गंजलेला होता, निवाल्दो आधीच वजनदार होता. मागचा त्यानं आंब्याच्या झाडावर घातला. झाड तिथे नव्हतं, असं तो अजून म्हणतो. झाड आजोबांनी लावलेलं आहे.

शोध सुरू करताना मी सांत लोंगिन्योला नवस बोलले. या संताचं मला आवडतं ते हे की त्याला मेणबत्त्या नकोत, उपास नकोत. हरवलेली वस्तू सापडली की त्याच्या नावानं तीन उड्या मारायच्या, बस्स. मी म्हटलं, दोन बंपर आहेत, तर प्रत्येकी तीन. त्यानंतर मी आणि निवाल्दो भंगारवाल्यांकडे फिरलो, गॅरेजवाल्यांकडे फिरलो, एका कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत गेलो (तिथे कोम्बीचा दरवाजा होता, त्याच्या आत कोंबड्या). शेवटी कोणीतरी डॉक्टर तेओबाल्दोंचं नाव सांगितलं. हे गृहस्थ धंद्यानं दाताचे डॉक्टर आणि हौसेनं जुन्या गाड्यांच्या क्लबचे अध्यक्ष. ते पांढरे हातमोजे घालून आले, दात बघायचा छोटा आरसा फिलोमेनाच्या पोटाखाली घालून बघत बसले, आणि बरोबर आणलेलं जाडजूड परदेशी पुस्तक उघडून म्हणाले की पुढचा आणि मागचा बंपर म्हणजे वरची आणि खालची कवळी, एकाच सेटमधली पाहिजे. पुस्तकात फोटो होता. फोटोतली गाडी इतकी सुंदर होती की मी लगेच हो म्हटलं.

त्यांच्या ओळखीनं कुरितीबाहून एक जोडी आली. खास परदेशातून आणलेली, कागदात गुंडाळलेली, पांढरीशुभ्र. बसस्टँडवर पुडकं उघडल्याबरोबर मला राहवलं नाही, आणि इथे माझी चूक झाली. मी तिथल्या तिथे सहाच्या सहा उड्या मारून टाकल्या. मक्याच्या पामोन्या विकणाऱ्या बाईनं टोपली खाली ठेवून छातीवर क्रूसाची खूण केली. निवाल्दो दुसऱ्याच कोणाबरोबर आल्यासारखा तिकीट खिडकीकडे बघत उभा राहिला. मला लहानपणी आजीनं बजावलं होतं की संताला आगाऊ द्यायचं नाही, तो आळशी होतो. पण आनंदाच्या भरात आजी कुठे आठवते.

पुढचा बंपर असा बसला की जणू तो फिलोमेनाला विचारूनच घडवला होता. चार बोल्ट, दोन पट्ट्या, तेलाचा थेंब, खलास. मग मागचा. दादा, काय सांगू. एक टोक धरलं की दुसरं पळायचं. दुसरं धरलं की मधोमध एवढी फट पडायची की आपली मांजर त्यातून आरामात ये-जा करत होती. भोकं भोकांना भेटेनात. डॉक्टर तेओबाल्दो म्हणाले की गाडीची पाठच वाकलेली आहे, आणि सगळे निवाल्दोकडे बघायला लागले. तो बिचारा रडकुंडीला आला. या खेपेला खरंच त्याचा दोष नव्हता, आणि ते त्यालाही माहीत नव्हतं. शेवटी त्यानं मोठा हातोडा उचलला, पाठ सरळ करायला.

"हातोडा खाली ठेव," व्हरांड्यातून बाबांचा आवाज आला. "तिचा चेहरा आणि तिची पाठ एका आईची लेकरं नाहीत."

आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. मग बाबांनी खुर्चीतूनच सांगितलं की फिलोमेना ज्या वर्षी कारखान्यातून निघाली तेव्हा आपल्या देशात कोम्बीला नवा चेहरा बसवला होता, पण अंग जुनंच ठेवलं होतं. परदेशात दोन्ही नवे, म्हणून तिकडचा पुढचा इथे बसतो आणि तिकडचा मागचा कधीच बसणार नाही. पाठीला जुनाच बंपर लागतो, गोल खांद्यांचा. मला इतका राग आला की काही विचारू नकोस. मी म्हटलं, "बाबा, आम्ही महिनाभर उन्हात मरतोय, मग बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलं?" ते म्हणाले. "तुम्ही पुस्तकाला विचारत होतात."

आणि दादा, एवढं बोलून ते उठले आणि पायऱ्या उतरून खाली आले. कोणाचा हात न धरता. शेडमध्ये येऊन त्यांनी फिलोमेनाच्या पाठीवर हात ठेवला आणि बोल्ट कुठे लागतात ते बोटानं दाखवायला लागले. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पण मी वर बघितलं नाही, बोल्ट शोधत असल्याचं सोंग केलं. कोणी काही बोललं तर ते परत वर जातील, अशी भीती वाटत होती.

आता गोल खांद्यांचा मागचा बंपर आणायचा कुठून? रोज सकाळी भोंगा लावून अंडी विकत फिरणारा क्लाउदेमीर तुला आठवतो ना? त्याच्या कोम्बीचा मागचा भाग मी आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितला आणि मला घेरी यायची बाकी राहिली. तोच. पण एकदम मागितला तर माणूस भाव खातो, म्हणून मी रोज त्याच्या गाडीमागे धावायला लागले. त्याला वाटलं अंडी हवीत. नाही कसं म्हणणार? अंड्यांचा ट्रे घ्यायचा आणि तो पिशवीत भरेपर्यंत बंपर न्याहाळायचा. घरात ऑम्लेट झालं, पुडिंग झालं, अंडी घालून बीन्स झाले. निवाल्दो म्हणाला, अजून आठवडाभर असं चाललं तर मीच आरवायला लागेन. शेवटी क्लाउदेमीरनंच विचारलं, "बाई, तुम्ही अंडी बघता की गाडीचं बूड?" मग मी सगळं सांगितलं, बाबांचं, आईचं, मिरवणुकीचं. तो भोंगा बंद करून ऐकत राहिला. त्याचा भोंगा बंद झाल्याचं पाहून लोक घरातून बाहेर आले.

काल बंपर बसला. बोल्ट गंजलेले होते, रॉकेलमध्ये भिजवावे लागले. बाबांनी दोनदा काढायला लावला, डावी बाजू बोटभर खाली होती म्हणून. तिसऱ्यांदा त्यांनी तळवा फिरवला, मागे सरकून बघितलं, आणि माझ्याकडे कॉफी मागितली. तिथे, गाडीपाशी, उभ्यानं. लोंगिन्योचा हिशोब मी पुन्हा चुकता केला. पहिल्या उड्यांतच हाही बंपर धर, असं त्याला पटवायचा प्रयत्न केला, पण संतांशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. म्हणून मागच्या बंपरच्या तीन पुन्हा मारल्या. गुडघ्याची हकीकत ती हीच.

पत्र फार लांबलं. वहिनींना मिठी, तुला बाकी काय लिहू. मिरवणूक येत्या रविवारी आहे.

तुझी धाकटी,
डाल्वीना

ता. क. मागचा बंपर आपला नाही. क्लाउदेमीरनं तो फक्त रविवारपुरता दिलाय. सध्या तो स्वतः मागे फळी बांधून अंडी विकतोय आणि रविवारी स्वतःच्या बंपरवर लक्ष ठेवायला मिरवणुकीत फिलोमेनाच्या मागून चालत येणार आहे. बाबांना हे सांगितलेलं नाही. तुमच्या गोइयानियात जुन्या गाड्यांच्या भागांचा मोठा बाजार भरतो असं ऐकलं. गोल खांद्यांचा, पांढरा, मागचा. डॉक्टर तेओबाल्दोंना किंवा त्यांच्या पुस्तकाला काही विचारू नकोस. दिर्सेऊची बस शुक्रवारी परत निघते. डिकीत जागा ठेव म्हणून मी त्याला सांगितलंय, आणि डिकीच्या वर एक सीटही.

ता. क. चा ता. क. आता सीटचं सांगते. मला गाडी येत नाही. निवाल्दोला येते, पण वाटेत झाडं आहेत. बाबांचं लायसन्स डोळ्यांमुळे बंद झालंय. आज सकाळी ते ड्रायव्हरच्या सीटची गादी उन्हात झटकत होते, तेव्हा मी विचारलं, चालवणार कोण. गादी झटकत झटकतच म्हणाले, "तिला उसाच्या रसवाल्याला विकून टाका म्हणणारा आहे ना एक, त्याला बोलाव. त्यानंच चालवायची. काय विकायला निघाला होता ते फादरांसमोर कळू दे त्याला." मी म्हटलं, आणि तुम्ही? मग गादी परत जागेवर बसवून म्हणाले, "मी तुझ्या आईच्या जागेवर बसेन."

दादा, बंपर मिळाला नाही तर तसाच ये.