मागच्या खोलीखालची विहीर

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहायचं तेच ठरत नव्हतं. ही गेल्यापासून दिवसदिवस तोंड उघडायची वेळ येत नाही. एकट्यापुरता स्वयंपाक अजून जमत नाही. रोज उरतो आणि दुसऱ्या दिवशी तोच खातो. बाकी तब्येत ठीक.

मागच्या महिन्यात तू कळवलंस, की आमचे चिरंजीव घर घेतायत. शाळेसमोरचं, कोपऱ्यावरचं, बाहेरून गोल जिना असलेलं. मी वाचता वाचता थांबलो. ते घर माझ्या ओळखीचं होतं. पाच वर्षांपूर्वी एका कुटुंबाला ते घ्यायचं होतं आणि तपासायला मला बोलावलं होतं. चाळीस वर्षं लोकांची घरं ठोकून-वाजवून पाहण्यात गेली; कागद जपायची माझी खोड तुला माहीत आहे. फाइल काढली. मागची खोली बुजवलेल्या विहिरीवर उभी आहे. शेजारच्या शिंप्याने तेव्हा सांगितलं होतं आणि भिंतीला बोटभर भेगही होती. त्या लोकांनी ते घर घ्यायचा बेत सोडला. मालकाने नंतर भेग लिंपून रंग दिला असणार.

लगेच फोन उचलला आणि परत ठेवला. आमच्यात काय झालं ते तुला कधी नीट सांगितलं नाही. सहा वर्षांपूर्वी ते दोघं एका घराच्या प्रेमात पडले होते. मला हौसेनं दाखवायला नेलं. सूनबाई कुठे काय ठेवायचं ते सांगत होती, आणि मी मालकादेखत एकेक करत सतरा दोष मोजले. तिचे डोळे भरले तरी माझी जीभ थांबली नाही. खाली उतरल्यावर तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला घर दिसतच नाही. नुसत्या भेगा दिसतात." त्यानंतर तो माझ्या दारात आलेला नाही.

माझ्या तोंडून विहीर ऐकली असती, तर त्याने हट्टाने तेच घर घेतलं असतं. म्हणून घर तपासायला त्याने नेमलेल्या, तूच कळवलेल्या इंजिनिअर बाईंकडे गेलो. औषधाच्या दुकानावर त्यांचं छोटंसं ऑफिस आहे. गिऱ्हाइकांबरोबर बाकावर नंबर लावून बसलो. असा जन्मात पहिल्यांदाच. वयानं सूनबाईएवढीच पोर. फाइल तिच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, माझं नाव मात्र घेऊ नका. तिने शांतपणे सगळं वाचलं. "काका, तुमच्या शब्दावर मी सही करणार नाही. स्वतः खणून बघेन." ताई, मला बरं वाटलं. मीही हेच म्हणालो असतो.

तिने खणलं. कंबरभर खड्ड्यात विहीर बुजवायला टाकलेला नुसता राडारोडा निघाला, घट्ट जमीन लागलीच नाही. मग मुलाने-सुनेने त्या घराचा नाद सोडला आणि तिनेच तपासलेलं दुसरं घेतलं. तू लिहितेस, अहवालात तिने आधी चांगलं काय ते लिहिलं: सकाळचा उजेड, खेळती हवा, म्हाताऱ्या माणसालाही सोपा पडेल असा जिना. दोष त्यानंतर. सूनबाईला शेजारी बसवून तासभर समजावलं. माझ्या एकाही अहवालात उजेडाबद्दल ओळ सापडणार नाही. तसा रकानाच मी कधी आखला नाही.

आता 'त्या नोंदी तुझ्याच ना?' या तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बाईंनी त्याला 'एका जुन्या इंजिनिअरच्या नोंदी मिळाल्या' एवढंच सांगितलं. त्याला उमगलं नाही, पण तू बरोबर ताडलंस. त्याला सांगून टाकते म्हणतेस, म्हणजे तो धावत येईल. येईलही. दारात उभा राहून आभार मानेल, चुकलो म्हणेल. ताई, तेच नकोय मला. माझं बरोबर ठरणं त्याने लहानपणापासून पुरेसं सोसलंय. बोलवायचंच असेल तर बाप म्हणून बोलवू दे, आणि नाही वाटलं तर नको. 'त्याला काही सांगू नकोस' एवढं तुला म्हणण्यासाठीच हे पत्र. लहानपणी माझ्या सगळ्या चुगल्या तू आईकडे केल्यास. ही एवढी गोष्ट पोटात ठेव.

तुझाच,
बाळ्या